एक आणि एक्क्याण्णव

छत्तीस

बसच्या टपावर उभ्या असलेल्या चार्टवाल्याने वर धरलेला हात खाली आणला, यार्डात घंटीने "एक!" अशी आरोळी ठोकली आणि माणसं चालायला लागली. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपवाले, तिकीट खिडकीच्या बायका, गाड्या धुणारे. सगळ्यांचा मिळून एक भलामोठा त्रिकोण उभा होता. एक ते आठ असं चारदा मोजून होईतो तो विरघळून त्याचा षटकोन व्हायचा होता.

मोजत होती ती कंडक्टर. दोरी न ओढता नुसत्या गळ्याने गाडी थांबवायची, म्हणून डेपोने तिचं नाव घंटी ठेवलं होतं. चालता चालता मोजायची आणि तरी तिला दम लागायचा नाही.

टपाचा पत्रा चार्टवाल्याच्या पायाखाली धडधडत होता. कुठल्या ड्रायव्हरने कुठली गाडी कधी काढायची, कोणाची सुट्टी कधी, याचा तक्ता तो करायचा. लोकांना जागच्या जागी बसवण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण स्वतः कधी एका खुर्चीत टेकला नाही. आताही तो टपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होता आणि खिशातल्या किल्ल्या वाजवत होता.

"ए चार्ट्या, पडशील! मग आमच्या ड्यूट्या कोण लावणार?" खालून ग्रीस ओरडला. ग्रीस म्हणजे हेडमेकॅनिक. त्याच्या नखांतला काळा रंग लग्नाच्या दिवशीही निघाला नव्हता म्हणतात.

"तू तुझ्या फुलीकडे बघ!"

फुल्या खडूच्या होत्या. काँक्रीटवर, तेलाच्या डागांमधून वाट काढत चार्टवाल्याने स्वतः काढलेल्या: त्रिकोणाच्या पांढऱ्या, षटकोनाच्या पिवळ्या, आयताच्या निळ्या आणि शेवटच्या चौकोनांच्या लाल. डेपोला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, त्या दिवशी पाहुणे ऑफिसच्या गच्चीवरून हे चारही आकार बघणार होते.

"सात, आठ!" माणसं थांबली. वरून त्याला दिसलं: मधे एक, भोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, मग अठरा, चोवीस, तीस. एका कोपऱ्यातली पिवळी फुली तेवढी रिकामी. ती त्याची स्वतःची. कार्यक्रमाच्या दिवशी तो टपावरून उतरून तिथे उभा राहणार होता. चारही आकारांत टोकाची जागा त्याने स्वतःला ठेवली होती, सगळ्यांत जास्त चालायची.

आणि अगदी मधे, जिथे चारही रंगांच्या फुल्या एकावर एक पडल्या होत्या, तिथे धाकटी उभी होती.

धाकटी म्हणजे त्याची बहीण. डेपोत पासाच्या खिडकीवर बसायची. डाव्या पायाला लहानपणापासून लोखंडी पट्ट्यांचा बूट, गुडघ्याशी खटका असलेला. चारही आकारांत तिची जागा एकच होती. बाकीचे यार्डभर चालायचे, ती उभी राहायची.

"पाच मिनिटं सुट्टी!" चार्टवाला ओरडतच टपावरून खाली उतरला, आणि आकार फुटून उभ्या गाड्यांच्या सावल्यांत सांडला.

"मला एक सांगा," पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता घंटी म्हणाली, "हे एक्क्याण्णवच का? सरळ शंभर घ्यायचे. आमचे हे पण आले असते, घरी नुसते लोळत असतात."

"शंभराचा त्रिकोण होत नाही."

"आणि नव्वदाचा?" ग्रीसने विचारलं.

"नव्वदाचाही नाही, ब्याण्णवाचाही नाही." चार्टवाला उठून उभा राहिला. बसून बोलणं त्याला जमायचंच नाही. "एका टोकाला एक माणूस, त्याच्या मागे दोन, मागे तीन, असं तेरापर्यंत जा. बेरीज एक्क्याण्णव. तीच माणसं एकाभोवती एक कड्यांत उभी करा, षटकोन. सात रांगा करा, प्रत्येकीत तेरा, आयत."

"म्हणजे याला भाग जातो?" घंटीच्या भुवया वर गेल्या. "मला वाटलं हा कशानेच भागला जात नसेल. चेहरा तर तसाच आहे, आडमुठा."

"चेहऱ्यावर जाऊ नका. तेरा साते एक्क्याण्णव. बाहेरून आडमुठा, आतून अगदी सरळ."

"म्हणजे आपल्या मॅनेजरसाहेबांच्या बरोबर उलट," ग्रीस म्हणाला, आणि सावलीतली सगळी रांग खिदळली.

"ऐका तर. शेवटचा आकार चौकोनांचा. छत्तीस जणांचा एक, मग पंचवीस, सोळा, नऊ, चार, आणि मधे एकटा एक. बेरीज किती?"

"एक्क्याण्णव," दोघं-तिघं बेरीज न करताच म्हणाले.

"त्रिकोणही होतो आणि ही चौकोनांची उतरंडही होते, असे आकडे आहेत किती? एक. पंचावन्न. एक्क्याण्णव. आणि मग एकदम दोन लाख आठ हजार तीनशे पस्तीस. त्याच्यापुढे कोणीच नाही. कितीही मोजत गेलात तरी नाही."

"तेवढ्यांच्या ड्यूट्या तुम्हीच लावा हं," घंटी म्हणाली.

"त्यात षटकोनही हवा म्हटलं, की पंचावन्न गळतो, तो लाखवालाही गळतो. उरतात दोघंच. एक आणि एक्क्याण्णव."

"आता एकाचा कसला आलाय त्रिकोण?"

"एकाला काय, काहीही म्हणावं. एकट्याला विचारतंय कोण?" हे धाकटी म्हणाली. बसच्या पायरीवर बसून ती गुडघ्यामागचा पट्टा सैल करत होती.

लोक हसले, चार्टवालाही हसला. त्याला बरं वाटलं. डेपोच्या सामन्यांत ती आजवर कोपऱ्यात बसून गुण मांडत आली होती, सहलीला सगळ्यांच्या पिशव्या राखत आली होती. या वेळी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कितीतरी संध्याकाळी वर्कशॉपमधले नट मांडून-मोडून असा आकडा हुडकला होता, ज्याच्या प्रत्येक आकाराला अगदी मधोमध एक माणूस असेल आणि त्याला पाऊलभरही हलावं लागणार नाही. "सगळा डेपो तुझ्याभोवती फिरणार," एवढंच तो तिला म्हणाला होता.

"चला, उठा! आयत!"

तो परत टपावर चढला. घंटीने मोजायला सुरुवात केली, कडी सुटली, रांगा एकमेकींतून जाऊ लागल्या. तिसऱ्या मोजणीला मधला ठिपका एकाएकी बुटका झाला. धाकटी पडली नव्हती. दोन्ही हात टेकून ती सावकाश खाली बसली होती.

"काय झालं? उठ! आकार मोडतोय!" हे तोंडातून निघून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आधी दुसरं काहीतरी विचारायला हवं होतं.

घंटीची मोजणी पाचावर अडकली.

धाकटीने घाई केली नाही. पाय सरळ केला, खटका लावला, शेजारच्या ड्रायव्हरचा हात धरून उठली. मग फुलीवर उभी न राहता तिने तोंड फिरवलं आणि रांगांमधून ऑफिसकडे चालू लागली. माणसं बाजूला होत गेली.

"ताई, पाणी आणू?" घंटीने विचारलं.

"नको गं. पासाची खिडकी उघडायची आहे मला."

चार्टवाला शिडीवरून घसरतच खाली आला. "अगं, पण कार्यक्रम परवावर आलाय!"

"मग दुसरं कोणी बघ, दादा. मधे नुसतं उभं तर राहायचं आहे."

ती गेली. मधल्या फुलीचे चारही रंग तिच्या लोखंडी टाचेखाली एकमेकांत कालवले गेले होते, आणि त्यांचा मिळून एक मळकट गोळा झाला होता.

"तू धरून नव्वद," ग्रीस हलक्या आवाजात म्हणाला. "आता?"

पंचवीस

आता काय, तो माणूस शोधत सुटला. कार्यक्रमाच्या दिवशीचा तक्ता हातात धरून त्याने सगळा डेपो पालथा घातला. तक्ता त्यानेच केलेला. त्या दिवशी जो फुलीवर नव्हता तो रस्त्यावर गाडीत होता, आणि गाडीतल्याला खाली उतरवलं तर स्टॉपवरची माणसं ताटकळली असती.

"मी आलो तर चहा कोण बघणार? पाहुणे काय त्रिकोण पिणार?" कँटीनवाला म्हणाला.

"गेट सोडलं तर माझाच आकार बिघडवतील," पहारेकरी म्हणाला.

शेवटी तो डेपोतल्या आपल्या खोलीत आला, दार लावलं, पुन्हा उघडलं, आणि टेबलावर नट ओतले. एक बाजूला काढला. उरलेल्या नव्वदांचा त्रिकोण मांडला. झाला की त्रिकोण! सात रांगाही झाल्या. सात रांगाही झाल्या. फक्त प्रत्येकाच्या पोटात एक भोक.

त्याने खुर्चीवर चढून वरून पाहिलं. एक्क्याण्णव असताना नजर कडांवरून फिरायची, आकार दिसायचा. आता कडा दिसतच नव्हत्या. नजर जिथून तिथून येऊन त्या भोकात पडत होती.

"असू दे की ते भोक," दारातून ग्रीस म्हणाला. तो कधी आला कळलं नव्हतं. "कोण बघतंय?"

"सगळे तेवढंच बघतील."

"मग पंचावन्न कर. त्रिकोण होतो, चौकोन होतात. षटकोन नाही तर नाही. छत्तीस जणांना घरी पाठव."

"कोणते छत्तीस? तू नावं सांग, मी आत्ता पाठवतो."

ग्रीसने तोंडावरून हात फिरवला. "चहा घेतोस का?"

चहाचं उत्तर द्यायच्या आत मॅनेजर आले. इस्त्रीच्या घड्या मोडू नयेत म्हणून ते दारातूनही आडवे शिरायचे. "काय हो चार्टवाले, भगिनी बाहेर पडल्या म्हणे?"

"पाय दुखला असेल, साहेब. बघतो मी."

"बघू नका, ठरवा. इतके पाहुणे वरून बघणार. मधल्या माणसाने बसकण मारली तर शोभा होईल आपली. त्यांना आपण पुढे खुर्ची देऊ. पहिल्या रांगेत, मानाची." मॅनेजरांनी घसा साफ केला. "आणि मधे मी उभा राहतो."

"तुम्ही?"

"हलायचं नसतं ना? मग मला जमेल."

"साहेबांना त्याचा दांडगा सराव आहे," ग्रीस भिंतीकडे बघत म्हणाला.

मॅनेजरांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी येऊ दिलं नाही. बाजूला काढलेला नट त्यांनी दोन बोटांत उचलला आणि षटकोनाच्या मधल्या भोकात ठेवला.

आकार मिटला. कडा एकदम दिसायला लागल्या, सहाच्या सहा, नीट. दुपारपासून चार्टवाल्याच्या बरगड्यांखाली काहीतरी आवळलेलं होतं, ते सुटलं. आणि ते सुटलं हे जाणवल्याबरोबर त्याने हात पुढे करून तो नट पुन्हा उचलला.

"उद्या सकाळी सांगतो, साहेब."

"त्यात सांगायचं काय? आकडा जुळला की."

आकडा जुळला होता हे खरंच होतं. मॅनेजर मधे, धाकटी खुर्चीत, बरोबर एक्क्याण्णव. आकड्याला माणसं ओळखू येत नाहीत. त्याला कोणीही चालतं.

मॅनेजर आले तसे आडवे गेले. ग्रीस मात्र चौकटीला टेकून उभाच राहिला. "चार्ट्या, एक विचारू? ती का बसली, ते तिला विचारलंस का?"

चार्टवाल्याचा पाय टेबलाखाली हलायला लागला. टेबल थरथरलं, नट एकमेकांवर किणकिणले, षटकोनाची एक बाजू हळूहळू वाकडी झाली.

"नाही ना," ग्रीस म्हणाला. "वाटलंच."

आणि तो चहाला गेला.

सोळा

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बुटाचे पट्टे आवळत होती. चार्टवाल्याने चहा गाळला, कप तिच्यापुढे ठेवला, तो हलवून खिडकीत ठेवला, खिडकी लावली, उघडली, ओला फडका या खिळ्यावरून त्या खिळ्यावर टाकला.

"दादा, एका जागी बस बघू. मला गरगरायला लागलंय."

तो टेबलाच्या कडेवर टेकला. "साहेब म्हणतात, मधे ते उभे राहतात."

"छान. शोभतील."

"तुला पहिल्या रांगेत खुर्ची."

"मानाची?" तिने मान वर केली नाही.

"चिडू नकोस. तुला सांगितलं नव्हतं, पण तो आकडा मी तुझ्यासाठी हुडकला होता. चार आकारांत जिला हलावंच लागत नाही अशी जागा सहज नाही सापडत. किती खटपट केली मी."

"माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी कळलं. चार फुल्या एकावर एक कोण उगाच काढतं?"

"मग? मग अडलं कुठे?"

तिने पट्टा सोडून दिला आणि त्याच्याकडे पाहिलं. "तुला दोन लाखांच्या पलीकडचं दिसतं, दादा. मी या घरात उभी कशी असते, ते सांग."

तो सांगायला गेला आणि थांबला. शेगडीपाशी ती कंबर ओट्याला टेकवून असते. फोनवर बोलायचं असलं की खिडकी ते दार, दार ते खिडकी करत राहते. रांगेत उभं राहायची वेळ आली की त्याला पुढे करते आणि स्वतः दुकानाभोवती फेरी मारून येते. पासाच्या खिडकीवर तिने स्वतःच्या पैशाने उंच स्टूल करून घेतलं आहे. हे सगळं त्याने पाहिलेलं होतं. जन्मभर. बेरीज तेवढी केली नव्हती.

"चालताना भार या पायावरून त्या पायावर जातो," ती म्हणाली. "उभं राहिलं की सगळा इथे उतरतो." तिने गुडघ्याखाली हात ठेवला. "चालायला मला वेळ लागतो, दादा. उभं राहायला जीव लागतो. एवढ्या मोठ्या यार्डात मला न जमणारी एकच जागा होती, ती तू बरोबर शोधून काढलीस."

चार्टवाला उठला, परत टेकला. किल्ल्या खिशातून काढून टेबलावर ठेवल्या. "मग जवळची एक देतो. आतल्या कड्यातली. तिथे चालायचं फार नाही, जेमतेम..."

"नको. सगळ्यांना आपापल्या फुल्या पाठ झाल्यात, आता कोणाला उठवू नकोस. तुझी दे. तू तर एकदाही त्या फुलीवर उभा राहिला नाहीस, टपावरच असतोस."

"माझी? अगं, ती सगळ्यांत लांबची आहे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. तुला पोचताच..." त्याने वाक्य गिळलं. "बरं. घंटीला सांगतो, मोजणी सावकाश घे म्हणून."

"सावकाश घ्यायची नाही. माझ्यासाठी अख्खा डेपो रांगवलास, तर खिडकीतून पास देतानाही मला तोंड वर करता यायचं नाही."

"मग उशीर होईल तुला."

"होऊ दे." तिने खटका लावला, उठली, आणि खिडकीतला कप उचलून चालत चालत चहा प्यायली. "आणि मधे तू राहा उभा. साहेबांना सांग, जागा भरली."

नऊ

"वेळेत पोचतील का पण त्या?" मॅनेजरांनी विचारलं.

"नाही पोचणार," चार्टवाला म्हणाला. मॅनेजर त्याच्याकडे बघतच राहिले. गाड्यांची एकेक मिनिटं मोजणारा हा माणूस, आणि त्याच्या तोंडून हे. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण ती मानाची खुर्ची आता मोकळी आहे हे बहुधा त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते ती कुठे मांडायची ते बघायला गेले.

त्या दुपारी चार्टवाला पहिल्यांदा मधे उभा राहिला. टपावर कोणी नव्हतं. घंटीने "एक!" म्हटलं, चहूकडून माणसं निघाली, आणि त्याला कळेना की काय चाललं आहे. इथून आकार दिसतच नव्हता. दिसत होत्या माना, घामाने चिकटलेले शर्ट, कोणाच्या तरी कानामागचं पेन. आठ झाल्यावर सगळे गच्चीकडे तोंड करून थांबले, तेव्हा हा षटकोन आहे हे त्याला फक्त माहीत होतं.

त्याच्या पोटऱ्या दुसऱ्या आकारालाच भरून आल्या. तळव्यांना मुंग्या आल्या, एक गुडघा आपोआप उडायला लागला. हात खिशात गेला तर किल्ल्या घरी टेबलावर राहिलेल्या. नुसतं उभं राहणं हे काम आहे, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारी एकच होती, तिला त्याने विचारलं नव्हतं.

मागे वळायला बंदी होती. त्यानेच घातलेली. म्हणून तो ऐकत राहिला. पावलांच्या गदारोळात लोखंडी टाच वेगळी कळायची. "आठ!" झालं की गदारोळ थांबायचा आणि ती टाच आणखी थोडी वाजत राहायची, मग थांबायची. प्रत्येक आकाराला. शेवटच्याला जास्तच.

"थोडी ताणू का मोजणी?" जवळून जाताना घंटीने ओठ न हलवता विचारलं. "कोणाला कळणार नाही."

"तिला कळेल."

"आपला कोपरा उशिरा लागतोय पण," सुट्टीत एक ड्रायव्हर कुरकुरला. "वरून बघणाऱ्याला वाटेल, चुकलोय आपण."

"तुझी गाडी रोज उशिरा येते," ग्रीस म्हणाला, "आम्ही स्टॉप उचलून तुझ्याकडे आणतो का रे?"

संध्याकाळी यार्ड रिकामं झालं, तेव्हा चार्टवाला पुसट झालेल्या फुल्या पुन्हा गिरवत गेला. छत्तीसच्या चौकोनाच्या टोकाची लाल फुली आता धाकटीची होती, गोदामाच्या भिंतीपाशी. तो तिथे उकिडवा बसला. फुली चार पावलं अलीकडे ओढली असती तर चौकोन किंचित तिरका झाला असता, एवढंच. गच्चीवरून ते दिसलंही नसतं. त्याने अलीकडे खडू टेकवला. एक बारीक ठिपका उमटला. तो त्याने अंगठ्याने पुसला, आणि फुली जिथे होती तिथेच, गडद, गिरवली.

चार

गच्चीच्या कठड्याशी पाहुण्यांची दाटी झाली होती. पहिल्या रांगेतल्या खुर्चीत मॅनेजर होते. खाली यार्डात त्रिकोण उभा होता आणि त्याच्या पोटात चार्टवाला, दोन्ही हात पँटच्या शिवणीला चिकटवून.

षटकोन झाला. "आठ"पाठोपाठ वरून टाळ्या आल्या, आणि मागून येणारी टाच त्या टाळ्यांत बुडून गेली. ती पोचली की नाही हे त्याला कळलं नाही. आयत झाला. पुन्हा टाळ्या, पण या वेळी जरा थांबून, कोणीतरी वरून बोट दाखवत होतं. गुडघा उडायला लागला, तो त्याने दाबून धरला.

मग चौकोन. हा सगळ्यांत अवघड. आयताच्या रांगा फुटून माणसं चारी दिशांना जायची आणि त्याच्याभोवतीचं यार्ड एकदम मोकळं व्हायचं. चार जण गेले, नऊ गेले, सोळा, पंचवीस. सगळ्यांत शेवटी छत्तीस, गोदामाच्या भिंतीकडे, त्याच्या पाठीमागे. एरवी कधी ऐकू न येणारा स्वतःचा श्वास त्याला ऐकू येत होता.

"सहा," घंटी मोजत होती. "सात." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, ना हळू ना घाईचा. "आठ." सगळा डेपो थांबला.

एक

टाळ्या आल्या नाहीत. वरचे सगळे त्याच्या डोक्यावरून पलीकडे, गोदामाच्या दिशेने बघत होते, आणि कठड्यावर टेकलेले हात तसेच टेकलेले होते. खाली कोणी खोकलं नाही, कोणी वळलं नाही; शेजारच्या चौकोनात ग्रीस नाकावर बसलेली माशी न हाकलता उभा होता आणि घंटीचं तोंड आठावरच उघडं राहिलं होतं. काँक्रीटवर एकच टाच वाजत होती. खट्, मग पाऊल, मग खट्. चार्टवाल्याने मोजायचं नाही असं ठरवलं आणि ते त्याला जमलं. गुडघा उडायचा थांबला आहे, हे त्याला नंतर कळलं. नव्वद माणसं उभी होती, एक चालत होती, आणि ती जराही घाई करत नव्हती.